परातभर भडंग

सोलापूरहून मिरजेला जाणारी गाडी कुर्डुवाडीला दिशा बदलते. मग पंढरपूर, सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग आणि शेवटी मिरज. लहानपणी अम्मीबरोबर याच मार्गानं आम्ही खालाकडे जायचो. तेव्हा कुर्डुवाडीला उतरून छोट्या रुळांच्या गाडीत बसावं लागायचं. ती बार्शी लाइट रेल्वेच्या जमान्यातली लाईन. गाडी इतकी हळू जायची की थोरली मुलं खाली उतरून चालत येऊ का, असं विचारायची. मिरज स्टेशनात त्या काळी मोठे, मधले आणि छोटे असे तिन्ही मापांचे रूळ होते. ते पाहायला मिळणार म्हणून मी खिडकी सोडत नसे. आता सगळीकडे एकाच मापाचे रूळ झालेत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेला गेले ती तीन वर्षांनी. खालू गेले तेव्हा गेले होते, त्यानंतर नाहीच. दर सुट्टीत खालाचा फोन यायचा, "येतेस ना?" आणि मी म्हणायची, "बघते." खरं कारण सांगायला लाज वाटते. मी गेले की खाला गुडघे धरून उठणार, मटण आणायला पाठवणार, खीर करणार. पेन्शन नाही, उत्पन्न थोडं. तिला कशाला त्रास, असं म्हणून मी जाणं टाळत राहिले. हळूहळू खालाचा आग्रहही कमी झाला. तिच्या मनात काय होतं ते मला मिरजेला गेल्यावर कळलं.

खालाचं घर सतारमेकर गल्लीपासून जवळ आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातात. इथले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम कमी होत गेलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात वाद्यांकडे वळवले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खालू याच गल्लीतल्या एका कारखान्यात जवारी लावायचं काम करत. घोडीवर तार जिथं टेकते तो भाग कानसीनं घासून असा बसवायचा की तार छेडली की स्वर भरून यावा. एकेका तंबोऱ्यापाशी ते तास न् तास बसत. वाद्यांचे भोपळे येतात आमच्या जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. मी आले की खालू म्हणत, "सोलापूरहून दोन भोपळे आले, एक वाजतो आणि एक बोलतो."

यावेळी दार उघडलं ते नऊ वर्षांच्या नातीनं. "फुफू!" म्हणून ती बिलगली आणि पाणी प्यायच्या आत मला आत ओढून घेऊन गेली. रिहालवर कुरआन शरीफ ठेवलेलं होतं. ती म्हणाली, "माझं पूर्ण झालं. रमजानच्या आधीच झालं."

"माशाअल्लाह! मग आमीन कधी केली?"

ती गप्प झाली. स्वयंपाकघराच्या दाराशी भाबी उभ्या होत्या. भाबी वयानं माझ्यापेक्षा लहान, पण नात्यानं मोठ्या, म्हणून मी त्यांना अहो-जाहोच करते. त्या म्हणाल्या, "करू या. घर रंगवून झालं की करू."

घर रंगवायचं काही दिसत नव्हतं. रात्री खाला माझ्या शेजारी आडवी झाली तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. (खाला घरात दखनी बोलते, मी इथं मराठीत लिहिते आहे.) थोरल्या नातवाची आमीन झाली तेव्हा खालू होते. दोन देगा बिर्याणी झाली होती, सव्वाशे माणूस जेवलं होतं. त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि ते फिटायला दोन वर्षं लागली. आता खालू नाहीत, भाईजानचा टेम्पो कधी चालतो, कधी उभा असतो.

खाला म्हणाली, "पोराची बिर्याणी केली आणि पोरीला नुसतं पाणी पाजू का? लोक म्हणतील, पोरगी म्हणून हात आखडला. त्यापेक्षा न केलेलं बरं."

मी विचारलं, "म्हणून मलाही बोलवायची बंद झालीस?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू आलीस आणि घरात मटण नसलं तर माझं तोंड कुठं लपवू?"

मी तिच्या खर्चाच्या काळजीनं जात नव्हते आणि ती माझ्या पाहुणचाराच्या काळजीनं बोलवत नव्हती. दोघींनी एकमेकींच्या प्रेमापोटी तीन वर्षं घालवली होती. आणि एक लेकरू आठ महिने वाट बघत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नातीला घेऊन बाहेर पडले. आधी मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात गेलो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. 1937 साली त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांना याच आवारात दफन केलं. उरुसाच्या दिवसांत त्यांच्या आठवणीत इथं रात्रभर गाणं चालतं. देशातले मोठमोठे गवई इथं येऊन हजेरी लावतात. नातीला त्या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला लक्ष्मी मार्केटकडे जायचं होतं, कारण तिथल्या एका दुकानात चुरमुऱ्यांची पोती उघडी असतात आणि दुकानदार मूठभर चुरमुरे हातावर ठेवतो.

मिरज, सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर हा सगळा पट्टा चुरमुऱ्यांचा आहे. तांदळाला मिठाचं पाणी लावून, सुकवून, भट्टीतल्या तापल्या वाळूत टाकला की तो फुलतो. भेळेला चालणारे पातळ कुरमुरे वेगळे आणि भडंगाचे चुरमुरे वेगळे. हे जाड, टपोरे, आत भरीव असतात. तेल लागलं तरी लगेच मऊ पडत नाहीत. मिरजेहून कोल्हापूरकडे निघालं की लागणारं जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव. बाहेरच्या माणसाला ते आज आधी भडंगासाठी माहीत असतं. पाहुणा गावाला परत निघाला की त्याच्या पिशवीत भडंगाचा पुडा पडतोच.

आम्ही पाव किलो चुरमुरे, मूठभर कढीपत्ता, लसूण आणि शेंगदाणे घेऊन घरी आलो. भाबींनी दहा मिनिटांत भडंग केलं, मोठ्या ताटात ओतलं आणि आम्ही ओट्यावर येऊन बसलो. तेवढ्यात समोरची बाई पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थांबली, मूठ भरून घेऊन पायरीवर टेकली. मग तिची जाऊ आली. शाळेतून उशिरा परतणाऱ्या एक मॅडम आल्या. तासाभरात आम्ही आठजणी होतो. कांदा संपला म्हणून कुणीतरी आपल्या घरून चिरून आणला. खाला भिंतीला टेकून हसत होती. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, "खाला, आमीन अशीच करू या."

ती चमकली. "भडंगावर? भडंग काय पाहुण्यांपुढं ठेवायची वस्तू आहे? ती येताजाता तोंडात टाकायची."

मी वाद घालणार होते, पण भाबी आधी बोलल्या. एरवी त्या सासूपुढं फारसं बोलत नाहीत. म्हणाल्या, "अम्मी, मुन्नाच्या आमीनला मी मागच्या अंगणात देगांपाशी होते. तांदूळ गाळत होते. त्यानं पुढं बसून काय वाचलं, कसं वाचलं, मी ऐकलंच नाही. बाहेर आले तेव्हा दुआ होऊन गेली होती. हिचं तरी मला ऐकू दे."

खाला काही बोलली नाही. उठून वजू करायला गेली.

नमाजनंतर मी तिला एवढंच आठवण करून दिलं की खैबरहून परतताना, वाटेत मुक्काम असताना प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत सफिया (रजि.) यांचा वलीमा झाला. त्यात ना रोटी होती ना गोश्त. कातडी दस्तरखान पसरला, ज्याच्याजवळ जे होतं ते त्यानं आणून टाकलं. खजूर, तूप, सुकवलेलं पनीर. ते कालवून सगळ्यांनी खाल्लं. घराघरांत जे तयार होतं, त्याचाच वलीमा झाला. खाला म्हणाली, "मला माहीत आहे ते. मीच तुला लहानपणी सांगितलं होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "जुम्म्याला ठेवू."

जुम्म्याला पस्तीस-चाळीस बायका आणि मुलं येणार होती. हिशोब केला आणि एक किलो चुरमुरे आणले. किलोचा ढीग पाहून खाला घाबरली, पण चुरमुरे दिसतात डोंगराएवढे आणि संपतात पटकन. एकदम सगळं करू नये. पाव किलोचे चार घाणे करावेत, म्हणजे मसाला सगळीकडे सारखा लागतो. भाबींनी केलं ते असं.

चुरमुरे आधी सुपात घेऊन पाखडले, म्हणजे खाली वाळूचा बारीक कण राहात नाही. मग तासभर उन्हात ठेवले. ऊन नसेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतावेत. बोटांत दाबल्यावर कुडूम आवाज आला की झाले. पाव किलो चुरमुऱ्यांना अर्धी वाटी तेल घेतलं. तेल तापल्यावर वाटीभर शेंगदाणे टाकले, ते तांबूस होत आले की अर्धी वाटी डाळं. मग पंधरा-वीस लसूण पाकळ्या, सालीसकट ठेचलेल्या. साल काढायची नाही, तेलात ती कुरकुरीत होते आणि भडंगाला खरा वास तिचाच येतो. लसूण सोनेरी झाला की दोन डहाळ्या कढीपत्ता. तो पूर्ण कोरडा हवा, नाहीतर तेल अंगावर उडतं.

इथं गॅस बंद करायचा. ही एक गोष्ट विसरलात तर सगळं बिघडतं. बंद केल्यावर मिनिटभर थांबून मग हळद, दोन मोठे चमचे तिखट, चमचाभर धणे-जिऱ्याची पूड, मीठ आणि दोन लहान चमचे पिठीसाखर तेलातच घालायची. तेल फार तापलेलं असेल तर तिखट काळं पडतं आणि घरभर ठसका लागतो. चुरमुरे मुळात खारे असतात, म्हणून मीठ चव बघूनच घालावं. शेवटी चुरमुरे घालून दोन झाऱ्यांनी खालून वर उलटत राहायचं, पांढरा एकही दिसेनासा होईपर्यंत. मग पुन्हा अगदी मंद आचेवर दोन मिनिटं. एक घाणा आम्ही मुलांसाठी कमी तिखटाचा केला. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरलं नाही, कारण गरम भरलं तर वाफ धरते आणि सकाळी सगळं चिवट होतं.

हे सगळं गुरुवारी रात्रीच उरकलं. जुम्म्याला करायचं राहिलं ते फक्त कांदा, कोथिंबीर चिरणं आणि लिंबं कापणं. कांदा भडंगात आधी मिसळायचा नाही. वेगळ्या वाटीत ठेवायचा, ज्यानं त्यानं घ्यायचा. मी सोलापूरहून शेंगाचटणी नेली होती, तीही एका वाटीत ठेवली. बेकरीतून नानखटाई आणली, खजूर होतेच, घागरीत रूह अफजाचं सरबत केलं. चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून थर्मासमध्ये आला. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत.

असरनंतर बायका जमल्या. नातीनं पांढरा ओढणीचा ड्रेस घातला होता. तिला शिकवणाऱ्या आपा शेजारी बसल्या. ती वाचायला लागली तेव्हा पहिल्या दोन आयतींना आवाज कापत होता, मग स्थिर झाला. भाबी अगदी समोर बसल्या होत्या. डोक्यावर ओढणी, मांडीवर दोन्ही हात. त्या हातांना पीठ नव्हतं, मसाला नव्हता, झारा नव्हता. मी वीस वर्षं शाळेत शिकवते आहे, बक्षीस समारंभात कितीतरी आयांना पाहिलं आहे, पण लेकराचा एकेक शब्द ओठांनी मागे मागे म्हणणारी आई अशी जवळून पाहिली नव्हती.

दुआ झाली. परात मधे आली. मुलं तिच्याभोवती बसली, बायकांनी वाट्या भरून घेतल्या. सगळं गोडच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. नात्यातल्या एक मुमानी लांबून आल्या होत्या. त्यांनी वाटी हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवण नंतर आहे ना?" कुणीतरी सांगितलं, एवढंच आहे. त्या म्हणाल्या, "अच्छा. एवढंच." आवाज मोठा नव्हता, पण खोलीत ऐकू गेला. खालाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल.

ती उठली खरी. गुडघा धरून परातीपर्यंत गेली, मूठ भरून भडंग घेतलं, मुमानींच्या वाटीत घातलं आणि म्हणाली, "घ्या ना. तिच्या आईनं केलंय." मग परत येऊन भिंतीला टेकून बसली. मुमानींनी खाल्लं. आवडलं की नाही ते मी विचारलं नाही. जाताना त्यांनी नातीच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि तिचं कपाळ चुंबलं, एवढं पाहिलं.

मगरिबला घर रिकामं झालं. भांडी म्हणाल तर दोन पराती, काही वाट्या आणि पेले. भाबींनी आणि मी पंधरा मिनिटांत धुऊन टाकली. खाला म्हणाली, "मुन्नाच्या वेळी देगा घासायला दोन दिवस लागले होते." मग ती खालूंची आठवण काढू लागली. म्हणाली, तंबोऱ्याच्या कामात त्यांनी कधी घाई केली नाही. भोपळा महिनोन् महिने सुकू देत. आणि संध्याकाळी कारखान्यातून येताना मात्र भडंगाचा पुडा आणत, ओट्यावर बसत, येईल त्याला मूठभर देत. "त्यांच्या ओट्यावर रोज माणसं असायची," ती म्हणाली. "त्यांना कधी बिर्याणी लागली नाही."

बिर्याणीशी माझं वैर नाही. ऐपत असेल, हौस असेल, मदतीला हात असतील तर जरूर करावी. पण ऐपत नाही म्हणून दार लावून घेणं आणि ऐपत आहे म्हणून घरातल्या बाईला सणाच्या दिवशी चुलीपाशी डांबून ठेवणं, या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत रोज होतात आणि आपण त्याला मेहमाननवाजी म्हणतो. पाहुणा आला पाहिजे आणि घरच्या बाईला त्याच्याजवळ बसता आलं पाहिजे. बाकी पदार्थ कुठलाही असो.

निघताना खालानं माझ्या पिशवीत दोन किलो चुरमुरे कोंबले. सोलापूरला पोहोचेपर्यंत थोडे मऊ पडले होते, गच्चीवर तासभर उन्हात टाकले, पुन्हा कडक झाले. चार वर्षं मी शाळेतल्या सहशिक्षिकांना घरी बोलावलं नव्हतं. नीट स्वयंपाक करायला वेळ मिळाला की बोलावीन, असं म्हणत होते. त्या रविवारी फोन केला. सहाजणी आल्या. अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

परवा भाबींचा फोन आला होता. गल्लीत आणखी एका मुलीची आमीन झाली. कळशी घेऊन पायरीवर टेकली होती ना, तिची मुलगी. भाबी म्हणाल्या, "आपली परात मागून नेली होती."